‘कूलिंग’ला मराठीत काय म्हणावं?

पतंगवाला:
विजेवर उडणाऱ्या स्केल मॉडेलांबद्दल (खऱ्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती) नव्या पोरांसाठी दोन पानी टिपण लिहितोय. बिघाडाला क्रियापदं आपसूक आली : ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) तापला, मोटर करपली (वेटोळ्याच्या वार्निशचा वास आला की दुसरा शब्द सुचतच नाही), लीपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) फुगली. अडलोय ‘कूलिंग’पाशी. ‘शीतलन’ म्हटलं की बर्फ घालायचाय असं वाटतं. मोटर थंडगार कुणाला हवीय? चटका बसू नये, एवढंच.

बशीतला चहा:
‘निववणे’ घ्या की. चहा बशीत ओतून आपण निववतो. तोच ‘थंड’ झाला तर परत गरम करायला पाठवतो. निवलेलं म्हणजे सोसेल इतपत आलेलं.

आडवाट:
व्युत्पत्तीही सोयीची आहे. संस्कृत ‘निर्वा’पासून, म्हणजे फुंकर बसून विझणे, ‘निर्वाण’ त्याच घरातलं. त्यातला ‘वा’ म्हणजे वाहणे. वारा शब्दातच बसलाय.

रिकामा हँगर:
पण ‘जीव निवला’, ‘डोळे निवले’ हेही आठवतं. मोटरसाठी जरा हळवं नाही का होत?

पतंगवाला:
भात निववतोच ना परातीत? चालेल. आडवाट, वाऱ्याचं मात्र नेमकं बोललात. माझं पी-४७ थंडरबोल्ट घ्या, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं मॉडेल. तीन सेलची बॅटरी म्हणजे ११.१ व्होल्ट, ३० अँपिअर, म्हणजे साधारण ३३३ वॅट. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी ६५-६७ वॅट नुसते उष्णतेत जातात. काऊलमध्ये (नाकावरचं, मोटरभोवतीचं आवरण) २५ वॅटच्या अडीच सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून झाकण लावल्यासारखं. त्यात हौसेनं नाकात १८ सिलिंडरचं खोटं इंजिन बसवलं, सगळी वाट बंद. शेवटी सिलिंडरांमधली काळी जागा कोरून काढली. लांबून कळतही नाही.

बशीतला चहा:
म्हणजे पुढून हवा आत घेतली की झालं?

पतंगवाला:
तिथेच सगळे फसतात. मागे वाट नसेल तर हवा आत शिरून तुंबते. आमच्यात नियम असा : बाहेरचं तोंड आतल्याच्या दीडपट-दुप्पट. ‘हवा तापून फुगते म्हणून’ हे कारण सांगतात ते लंगडं आहे. २० अंशांनी तापली तर फुगते जेमतेम ७ टक्के. खरी अडचण म्हणजे आत तारा, बॅटरी, फळ्या आडव्या येतात. मूळ थंडरबोल्टलाही काऊलच्या मागच्या कडेला उघडमीट होणाऱ्या झडपा होत्या. हवा किती जाऊ द्यायची ते तिथून ठरे.

आडवाट:
यासाठी तर तयार शब्द आहे : ‘खेळती हवा’. एका खिडकीच्या खोलीत हवा असते, खेळत नाही. समोर दुसरी खिडकी लागते.

पतंगवाला:
वा! ‘व्हेंटिलेशन’ खोडलं. टिपणात आता असं आहे : ‘काऊलमध्ये हवा खेळती ठेवा. उतरल्यावर झाकण काढा, बॅटरी निवू द्या, मगच चार्जला लावा.’

रिकामा हँगर:
उतरल्यावर ‘निवू द्या’ पटलं. उडताना मात्र ती निवत नाही, कमी तापते इतकंच. तिथे ‘निववणे’ लिहू नका.

पतंगवाला:
मान्य. तिथे ‘ताप बाहेर काढणे’ लिहितो.

बशीतला चहा:
आणि हीटसिंक, ताप ओढून घेणारा तो धातूचा तुकडा?

पतंगवाला:
हीटसिंक हीटसिंकच राहू दे. दुकानात काय मागणार पोरं?