एच-4 वर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजमधून आयटी: सर्टिफिकेट की असोसिएट डिग्री?

नवी_वाट:
नमस्कार मंडळी. पुणे विद्यापीठाचं 3 वर्षांचं बीकॉम, एमएस-सीआयटी आणि टॅलीवरचं काम, एवढी शिदोरी आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एच-4 वर (एच-1बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) फ्रीमाँटला आले. नवऱ्याचं आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालंय, माझा ईएडीचा (कामाच्या परवान्याचा) अर्ज अजून केलेला नाही. प्रोग्रॅमिंगपेक्षा नेटवर्क, सर्व्हर, हेल्पडेस्क या बाजूला जायचंय. एच-4 वर शिकता येतं ना, की एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागेल? फी कॉलेजागणिक इतकी वेगळी का दिसते? आणि सर्टिफिकेट करावं की 2 वर्षांची असोसिएट डिग्री? घरी 16 जीबी रॅमचा एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर सराव होईल का?

कागद_आधी:
शिकायला एच-4 पुरेसा आहे. आय-20 (एफ-1 साठी कॉलेज देतं तो कागद) लागत नाही, एक कोर्स घ्या नाहीतर पाच घ्या. एफ-1 वर गेलात तर दर सेमिस्टरला किमान 12 युनिट (कोर्सचा भार मोजायचं माप) घ्यावेच लागतील आणि फी परराज्याच्या दराने भरावी लागेल. तुमच्या परिस्थितीत तो सौदा तोट्याचा आहे.

फीचा फरक पडतो तो रेसिडेन्सीमुळे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सेमिस्टर पद्धतीच्या कम्युनिटी कॉलेजात युनिटला 46 डॉलर पडतात, म्हणजे 3 युनिटचा कोर्स 138 डॉलरला. रहिवासी नसाल तर तोच कोर्स साधारणपणे हजार डॉलरच्या पुढे जातो. एच-4 वरच्या माणसाला इथे रहिवासी ठरता येतं (एफ-1 आणि बी-2 या पर्यटक व्हिसाला येत नाही). अट अशी की टर्म सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण झालेला हवा, आणि इथेच राहायचा इरादा कागदावर दिसायला हवा.

आता तुमची तारीख बघा. ओलोनीसारखं सेमिस्टरचं कॉलेज ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं, तेव्हा तुमचं वर्ष भरलेलं नसेल. डी अँझा आणि फूटहिल ही क्वार्टरची, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या टर्मची, कॉलेजं आहेत, त्यांचा फॉल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतो. तोवर वर्ष उलटून गेलेलं असेल. म्हणजे त्याच फॉलमध्ये एका कॉलेजात तुम्ही परक्या आणि दुसऱ्यात रहिवासी! क्वार्टरला युनिटचा दर 31 डॉलर आहे, पण डिग्रीला 60 ऐवजी 90 युनिट लागतात, त्यामुळे एकूण हिशेब जवळपास तोच.

पुराव्यांत लोक अडकतात. नवऱ्याची रेसिडेन्सी आपोआप तुम्हाला लागू होत नाही. घरभाड्याच्या करारावर तुमचं नाव, जॉइंट बँक खातं, कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स, नवऱ्याबरोबर एकत्र भरलेलं राज्याचं टॅक्स रिटर्न (एसएसएन हा सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन या करदात्याच्या नंबरावर) हे सगळं जमवा. कागदांवरच्या तारखा वर्षापूर्वीच्या हव्यात. काल काढलेल्या लायसन्सने गेलं वर्ष सिद्ध होत नाही.

आणि ऑनलाइन अर्जात घाईघाईने चुकीच्या उत्तरावर टिचकी मारू नका. एकदा नॉन-रेसिडेंट अशी नोंद झाली की वर्ष भरलं तरी ती आपोआप बदलत नाही, बदलून घ्यायला वेगळा अर्ज आणि पुन्हा सगळे कागद. मधल्या काळात नॉन-क्रेडिट (युनिट न मिळणारे) कोर्स बघून ठेवा, त्यांना ट्यूशन नसते.

रॅक_आणि_केबल:
सर्टिफिकेट की डिग्री, याचं उत्तर आधी विभागाचं नाव नीट वाचण्यात आहे. कॉम्प्युटर सायन्स म्हणजे सी++, डेटा स्ट्रक्चर्स, कॅल्क्युलस, आणि पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर. तुम्हाला हवं ते सीआयएस, सीएनईटी, सीआयटी अशा नावांखाली सापडेल. कॅटलॉग उघडून कोर्सच्या वर्णनात राउटर, स्विच, विंडोज सर्व्हर, लिनक्स हे शब्द आहेत का बघा. 'लॅब'चे तास वेगळे दाखवलेले नसतील तर तो कोर्स मागे ठेवा.

तुमच्याकडे पदवी आहे, त्यामुळे मी आधी सर्टिफिकेट ऑफ अचीव्हमेंट घ्या म्हणेन. साधारण 16 ते 30 युनिटांत होतं, आणि तीच युनिटं पुढे असोसिएट डिग्रीत धरली जातात, वाया काही जात नाही. डिग्री करायचं ठरलं तर बीकॉमच्या मार्कशीटचं विषयवार मूल्यांकन कॉलेजने मान्य केलेल्या संस्थेकडूनच करून घ्या, जनरल एज्युकेशनचा बराच भार कमी होऊ शकतो. 3 वर्षांच्या पदवीकडे सगळ्या संस्था सारख्या नजरेने बघत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी कौन्सेलरला विचारा.

कोर्सचा क्रम मात्र चुकवू नका. सायबर सिक्युरिटीच्या नावाला भुलून लोक थेट तिथे बसतात आणि पॅकेट (डेटाचं पुडकं) कुठून कुठे जातं हेच माहीत नसल्याने फायरवॉलचे नियम पाठ करत राहतात. आधी नेटवर्किंग, त्याच्या जोडीला विंडोज किंवा लिनक्सचा एक कोर्स, आणि सिक्युरिटी त्यानंतर.

सिस्को या नेटवर्क-उपकरणांच्या कंपनीच्या नेटवर्किंग अकॅडमीचा, सीसीएनए या प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत चालतो. तीन कोर्स आहेत: पहिल्यात नेटवर्कची ओळख, दुसऱ्यात स्विचिंग, राउटिंग आणि वायरलेस, तिसऱ्यात एंटरप्राइज नेटवर्क, सुरक्षा आणि ऑटोमेशन. पॅकेट ट्रेसर (संगणकावर नेटवर्क उभारून सराव करायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो, आजच उतरवून घ्या. पहिल्या कोर्समध्ये गळती होते ती सबनेटिंगला, म्हणजे नेटवर्कचे छोटे तुकडे पाडण्याला. कॅल्क्युलेटर न वापरता शिका. 192.168.10.0/26 घेतलं की 64-64 पत्त्यांचे चार तुकडे होतात, सुरुवात 0, 64, 128, 192 ला. प्रत्येकात वापरायला 62, कारण पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा. लॅबमध्ये पीसीला .64 देऊन 'पिंग का होत नाही' म्हणून डोकं धरून बसलेले विद्यार्थी दर टर्मला दिसतात.

दुसऱ्या ठरलेल्या चुका: राउटरचा पोर्ट मुळात बंद असतो आणि 'नो शटडाउन' द्यायचं राहून जातं. व्हीलॅन (एकाच स्विचमधलं वेगळं आभासी नेटवर्क) तयार केलं पण पोर्ट त्यात टाकलाच नाही. ट्रंकच्या (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीच्या) दोन टोकांना नेटिव्ह (खूण न लावलेल्या डेटाचं) व्हीलॅन वेगवेगळं. पीसीला डीफॉल्ट गेटवे दिलेला नाही, मग स्वतःच्या सबनेटमध्ये सगळं चालतं आणि बाहेर काहीच जात नाही. तपासताना 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ', 'शो व्हीलॅन ब्रीफ', 'शो इंटरफेसेस ट्रंक' याच क्रमाने जा. आणि लॅब संपताना रनिंग कॉन्फिग (चालू सेटिंग) स्टार्टअपमध्ये (साठवून ठेवलेल्या सेटिंगमध्ये) कॉपी करा, नाहीतर वीज गेली की मेहनत गेली.

सर्व्हर_काका:
लॅपटॉपचं मी सांगतो. 16 जीबीत छान भागतं, फक्त डिस्क एसएसडी हवी आणि निदान 150 जीबी मोकळी. आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा, ते बंद असलं तर 64-बिट आभासी मशिन उठतच नाही. मग व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) 7 किंवा पुढचं टाका.

दोन व्हर्च्युअल मशिन करा. एकावर विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती: 4 जीबी रॅम, 2 कोअर, 60 जीबी डायनॅमिक डिस्क. ती 180 दिवस चालते, पण पहिल्या 10 दिवसांत इंटरनेटवरून अ‍ॅक्टिव्हेट केली नाही तर आपोआप बंद पडायला लागते. दुसऱ्यावर विंडोज 11 एंटरप्राइजची 90 दिवसांची चाचणी आवृत्ती: 4 जीबी, 2 कोअर, 64 जीबी डिस्क, आणि सेटिंग्जमध्ये टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) निवडलेलं. होम आवृत्ती घेऊ नका, ती डोमेनला (कंपनीच्या एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या नेटवर्कला) जोडता येत नाही.

दोन्ही मशिनची नेटवर्क कार्डं 'इंटर्नल नेटवर्क'वर ठेवा. ब्रिज्ड (थेट घरच्या नेटवर्कला जोडलेली) ठेवून सर्व्हरवर डीएचसीपी सुरू केलंत तर घरच्या वाय-फायवर पत्ते वाटणारे दोघे होतात आणि घरातल्या फोनचं नेट जातं. अपडेटसाठी सर्व्हरला दुसरं कार्ड एनएटीवर (लॅपटॉपच्या आडून इंटरनेट) द्या.

सर्व्हरला स्थिर पत्ता द्या, समजा 10.0.0.10, आणि नाव आधीच बदलून घ्या. त्यानंतर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा (युजर आणि मशिनांच्या नोंदवहीचा) रोल टाकून त्याला डोमेन कंट्रोलर करा. क्लायंट डोमेनला जोडताना 'डोमेन सापडत नाही' असं आलं तर दहातल्या नऊ वेळा दोष डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) असतो. क्लायंटचा डीएनएस 10.0.0.10 च हवा. तिथे 8.8.8.8 किंवा राउटरचा पत्ता असेल तर तुमचं खासगी डोमेन गुगलला कुठून माहीत असणार? क्लायंटवर एनएसलुकअप या कमांडने डोमेनचं नाव विचारून बघा. तेही ठीक असेल तर घड्याळ बघा, दोन मशिनांत 5 मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरॉस (लॉगिन तपासणारी पद्धत) दारातूनच परत पाठवतं.

जमलं की 20 युजर आणि 3 ग्रुप करा, एक शेअर्ड फोल्डर करून त्यावर परवानग्या लावा, पासवर्ड विसरलेल्याचं खातं उघडून द्या, ग्रुप पॉलिसीने (सगळ्यांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगने) एक ड्राइव्ह जोडा. हेल्पडेस्कवर बराचसा दिवस याच कामांत जातो. मोठा बदल करण्याआधी स्नॅपशॉट (परत येता येईल अशी मशिनच्या स्थितीची नोंद) घ्या. दुसरा क्लायंट हवा असेल तर पहिल्याची नुसती नक्कल करू नका, आधी सिसप्रेप हे विंडोजचं साधन चालवा, नाहीतर दोघांची अंतर्गत ओळख एकच राहते.

कागद_आधी:
एक राहिलंच. ईएडी हातात येईपर्यंत पगारी काम अजिबात नाही, कॉलेजच्या लायब्ररीतलं किंवा लॅबमधलं विद्यार्थी-कामसुद्धा नाही. सीपीटी आणि ओपीटी (शिक्षणाशी जोडलेल्या कामाची परवानगी) एफ-1 वाल्यांसाठी असतं, एच-4 ला नाही. 'बिनपगारी इंटर्नशिप चालते' या ऐकीव माहितीवरही जाऊ नका, आधी वकिलाला विचारा. आय-140 मंजूर असेल तर ईएडीचा अर्ज आत्ताच करा, म्हणजे सर्टिफिकेट आणि कामाची परवानगी मागेपुढे हातात पडतील.

नवी_वाट:
सगळ्यांचे मनापासून आभार! सप्टेंबरचा हिशेब माझ्या ध्यानातच आला नव्हता. दोन शंका: कॉम्पटिया या संस्थेचं ए-प्लस (हेल्पडेस्कचं सुरुवातीचं प्रमाणपत्र) करावं की सरळ सीसीएनए? आणि लवकर संपवायला उन्हाळ्यातले छोटे कोर्स घ्यावेत का?

रॅक_आणि_केबल:
नेटवर्कमध्येच जायचं पक्कं असेल तर ए-प्लस सोडून सीसीएनए करा. परीक्षा 200-301, 120 मिनिटं, फी 300 डॉलर. अकॅडमीच्या कोर्समध्ये गुण चांगले असले तर सवलतीचं व्हाउचर मिळू शकतं, शिक्षकांना विचारा.

सर्व्हर_काका:
इथे माझं मत वेगळं आहे. इथला कामाचा अनुभव नसताना पहिली नोकरी हेल्पडेस्कचीच मिळते, आणि त्या जाहिरातींत ए-प्लस नावानिशी मागतात. त्याच्या दोन परीक्षा असतात, 220-1201 आणि 220-1202. प्रत्येकी 90 मिनिटं, जास्तीत जास्त 90 प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 900 पैकी अनुक्रमे 675 आणि 700. लायब्ररीत 1101 आणि 1102 ची पुस्तकं दिसतील, ती जुनी झाली. प्रात्यक्षिकाचे प्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात, तिथे वीस मिनिटं घालवू नका, खूण करून पुढे जा आणि शेवटी परत या. कॉलेजचा ईमेल मिळाला की कॉम्पटियाची विद्यार्थी-सवलत बघा. प्रमाणपत्र 3 वर्षं टिकतं, त्या मुदतीत कॉम्पटियाचंच सिक्युरिटी-प्लस केलंत तर ए-प्लसचंही नूतनीकरण होतं.

छोट्या कोर्सचं गणित असं: एका सेमिस्टर युनिटमागे घरचा अभ्यास धरून साधारण 48 तास, म्हणजे 3 युनिटला 144. सोळा आठवड्यांत ते आठवड्याला 9 तास होतात, आठ आठवड्यांत 18. सबनेटिंगचा कोर्स आठ आठवड्यांत घेऊ नका, डोक्यात मुरायला वेळ लागतो. एक्सेल किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची ओळख यांसारखे कोर्स खुशाल घ्या.

नव्या विद्यार्थ्याचा नोंदणीचा नंबर उशिरा लागतो आणि लॅबचे वर्ग भरलेले असतात. वेटलिस्टवर नाव टाकून पहिल्या तासाला हजर राहा, पहिल्या आठवड्यात बऱ्याच जागा सुटतात. ऑनलाइन वर्ग असेल तर कॅनव्हासवर (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गांच्या साइटवर) पहिल्या दोन-तीन दिवसांत हजेरीचं काम जमा करा, नाहीतर गैरहजर समजून नाव काढून टाकतात. कोर्स झेपत नाही असं वाटलं तर फी परत मिळण्याची तारीख आणि 'डब्ल्यू' (कोर्स मधेच सोडल्याचा) शेरा न लागता सोडण्याची तारीख दोन्ही पोर्टलवर बघून त्याआधी सोडा. नुसतं वर्गात जाणं थांबवलं तर एफ (नापासाचा शेरा) लागू शकतो.