एक्मोला मराठीत काय म्हणायचं? (आणि 'निकामी', 'काढला' या शब्दांचं काय करायचं?)

मूळ प्रश्न:
नमस्कार मंडळी. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठी एक पत्रक मराठीत करतेय, विषय एक्मो, म्हणजे रक्त शरीराबाहेर फिरवून त्यात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र. पूर्ण नाव एक्स्ट्राकॉर्पोरियल मेम्ब्रेन ऑक्सिजनेशन. शब्दाला शब्द ठेवला तर 'देहबाह्य पटल-प्राणवायूकरण' असं काहीतरी होतं. पेशीपटल शाळेत शिकलोय त्यामुळे पटल चुकीचं नाही, पण रात्री दोन वाजता बाकड्यावर बसलेला माणूस हे वाचेल का? पेपरात 'जीवरक्षक प्रणाली' असतं. तेच लिहू की दुसरं काही सुचतंय?

प्रतिसाद:
'कृत्रिम फुफ्फुस' लिहा ना, सगळ्यांना कळतं. २०२० मध्ये गायक एसपी बालसुब्रमण्यम चेन्नईत एक्मोवर होते तेव्हा मी घरी असंच समजावलं होतं.

प्रतिसाद:
त्यांच्या केसमध्ये चालेल, पण २०१६ ला जयललितांना एक्मो लावला तो हृदय बंद पडलं म्हणून. तिथे फुफ्फुस म्हटलं तर अर्धंच होतं. शिवाय कृत्रिम फुफ्फुस म्हटलं की लोकांना वाटतं छातीत नवीन काहीतरी बसवणार.

प्रतिसाद:
मी परफ्युजनिस्ट आहे, एक्मोचं मशीन चालवणं हेच काम, म्हणून जरा मोठं लिहितो. नाव एक्मोच ठेवा. डायलिसिसला 'अपोहन' शब्द आहे, बोलताना कोण वापरतं? गावाकडची म्हातारी माणसं पण डायलिसिसच म्हणतात आणि ते काय असतं हे त्यांना चांगलं माहीत असतं. एक्मोचंही तेच होतं, दुसऱ्या दिवसापासून घरचे स्वतःच एक्मो एक्मो म्हणायला लागतात. माझी तक्रार आजूबाजूच्या शब्दांबद्दल आहे.

पहिला 'जीवरक्षक'. या शब्दात वाचवण्याचं वचन आहे आणि ते देणं आपल्या हातात नाही. एक्मो फुफ्फुस बरं करत नाही. जांघेतल्या मोठ्या शिरेतून रक्त बाहेर येतं, काळपट, जांभळाच्या रंगाचं, पंप ते ऑक्सिजनेटरमध्ये ढकलतो, आत केसासारख्या बारीक पोकळ धाग्यांचा गठ्ठा असतो, धाग्यांच्या आतून ऑक्सिजन आणि बाहेरून रक्त, तिथे कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पलीकडच्या नळीतून लालभडक रक्त मानेतल्या शिरेत परत जातं. मिनिटाला ४-५ लिटर. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी असतात आणि एकीतलं काळं दुसरीत लाल झालेलं डोळ्यांनी दिसतं, मला अजूनही दर वेळी थांबून बघावंसं वाटतं. तेवढ्या दिवसांत व्हेंटिलेटरचं प्रेशर कमी ठेवता येतं, फुफ्फुसाला विसावा मिळतो, पण बरं व्हायचं काम त्यालाच करायचंय. जुन्या घराची तुळई वाकली की सुतार खाली टेकू देतो, टेकूनं तुळई दुरुस्त होत नाही पण घर पडत नाही आणि कामाला वेळ मिळतो. नातेवाइकांना मी हेच सांगतो. पत्रकात 'तात्पुरता आधार' लिहा. २०१८ ला अतिगंभीर एआरडीएसच्या (फुफ्फुसं सुजून, पाण्यानं भरून श्वास पुरत नाही तो आजार) २४९ पेशंटचा मोठा अभ्यास आला होता, त्यात एक्मो गटातले ३५ टक्के ६० दिवसांत गेले, नेहमीच्या व्हेंटिलेटर उपचारांच्या गटातले ४६ टक्के, आणि हा फरकसुद्धा आकडेशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही. असं असताना 'जीवरक्षक' लिहिणं मला पटत नाही.

दुसरा 'निकामी'. रेस्पिरेटरी फेल्युअरला सर्रास 'फुफ्फुसं निकामी झाली' लिहितात. निकामी म्हणजे आता कामाचं राहिलं नाही, टाकून द्या. घरचे तिथेच खचतात. उलट फुफ्फुस परत चालू होईल अशी आशा असते (किंवा ट्रान्सप्लांटची तरी) तेव्हाच एक्मो लावतात! १९७१ ला कॅलिफोर्नियात मोठा अपघात झालेल्या २४ वर्षांच्या मुलाला असं ७५ तास यंत्रावर ठेवलं होतं, मोठ्या माणसातली ही पहिली यशस्वी केस, तो स्वतःच्या फुफ्फुसांनी श्वास घेत बाहेर आला. मग निकामी कसं म्हणणार? 'फुफ्फुसांचं काम सध्या पुरं पडत नाहीये' एवढंच लिहा.

तिसरा 'काढला', हा मला स्वतःला महागात पडलाय. पाच-सहा वर्षं झाली असतील, एका तरुण मुलाचा एक्मो अकराव्या दिवशी बंद केला, मुलगा डोळे उघडून बघत होता, मी आनंदानं बाहेर येऊन म्हणालो "काढला एक्मो". त्याची आई मटकन खालीच बसली. तिच्या कानावर मशीन काढलं म्हणजे सगळं संपलं एवढंच आलेलं होतं. तिला हाताला धरून काचेतून मुलगा दाखवला तेव्हा कुठे तिचा श्वास खाली बसला. मी तिची माफी मागितली. तेव्हापासून मी 'काढला' म्हणत नाही, 'आता एक्मोची गरज राहिली नाही, स्वतःचा श्वास घेतोय' असं पूर्ण वाक्य बोलतो.

प्रतिसाद:
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. प्रत्ययात पण फरक आहे बघा. 'व्हेंटिलेटरवरून काढलं' म्हटलं की माणूस सुधारतोय असं वाटतं, आणि 'व्हेंटिलेटर काढला' म्हटलं की पोटात गोळा येतो.

मूळ प्रश्न विचारणारी:
खूप आभार. 'निकामी' माझ्या मसुद्यात चार वेळा होतं, सगळं खोडलं. अजून दोन शंका. एक्मो लावला की लावलं? आणि शिरेत घालतात त्या कॅन्युलाला काय लिहू?

प्रतिसाद (परफ्युजनिस्ट):
आमच्या सिस्टर 'लावलं' म्हणतात, मनात मशीन असतं म्हणून. डॉक्टर 'लावला'. दोन्ही चालतं, पत्रकात फक्त एकच ठेवा. कॅन्युलाला 'नळी', पण जाडी सांगा, शिसपेन्सिलीएवढी, म्हणजे आत गेल्यावर मानेतली नळी बघून कुणी दचकणार नाही. आणि 'रक्त बाहेर काढतात' असं नको, 'रक्त बाहेरून फिरवून आणतात' लिहा, कारण सगळं रक्त काढून घेणार का हे मला जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी विचारतं. एका वेळी बाहेर असतं अर्धा-पाऊण लिटर, तेही लिहाच.