वर उचलता येणाऱ्या कीलची देखभाल: पिन काढून पाहावी का?

नमस्कार. माझ्याकडे ट्रेलरवरून नेता येणारी एक जुनी शिडाची बोट आहे. तिची बिडाची कील (बोटीच्या तळाखालचा वजनदार पंखा) एका आडव्या पिनेभोवती झुलते आणि केबिनमधल्या हातविंचची (हँडल फिरवून वायर गुंडाळणाऱ्या यंत्राची) वायर तिला मागे-वर ओढून तळातल्या उभ्या पेटीत घेते. कॅटॅलिना २२ ज्यांनी हाताळली आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच उभे राहील. त्या बोटीची झुलती कील ५५० पौंडांची, म्हणजे सुमारे २५० किलोंची असते. ती वर घेतली की बोटीला अर्धा मीटर पाणी पुरते आणि खाली सोडली की दीड मीटर लागते. माझी बोट त्या कारखान्याची नाही, पण रचना आणि वजन जवळपास तेच आहे. आधीच्या मालकाने कोणतीही नोंद ठेवलेली नव्हती, त्यामुळे पिन शेवटची कधी बदलली, किंबहुना ती कधी बदलली गेली का, हे सांगायला कोणी नाही.

अजून काहीही मोडलेले नाही आणि मोडण्याआधीच विचारावे म्हणून लिहीत आहे. गेल्या काही महिन्यांत दोन गोष्टी जाणवल्या. कील सरळ लोंबत असताना तिचे वजन पिनेवर असते आणि वायरवर फारसा ताण नसतो. ती आडवी होत जाते तसा हँडलला लागणारा जोर वाढतो, इतके मला समजते. पण माझ्या विंचवर तो असा क्रमाने वाढत नाही. साधारण निम्म्या वाटेवर हँडल एकदम जड होते, हिसका बसतो आणि पुढे पुन्हा हलके होते. खाली सोडताना त्याच जागी वायर क्षणभर सैल पडते आणि मग धप्प असा आवाज येतो. दुसरे असे की नांगरावर असताना बाजूने लाटा आल्या की तळातून टक-टक ऐकू येते. रात्री तर झोप लागत नाही.

आतापर्यंत मी प्रत्येक फेरीनंतर पेटीत गोड्या पाण्याचा फवारा मारतो, विंचच्या दात्यांना ग्रीस लावतो आणि दिसेल तेवढी वायर पुसून पाहतो. मला विचारायचे आहे ते असे, की पिन जागेवर असताना तिची झीज खात्रीने ओळखता येते का, की बाहेरून काही दिसत नसले तरी ती काढूनच पाहावी? वायर किती वर्षांनी बदलावी? शिवाय कीलच्या मागच्या कडेला गंजाचे फोड आले आहेत. बोट ट्रेलरवर असतानाच ते खरवडून रंगवले तर चालेल का? हे शेवटचे काम मला फार सोपे वाटते, म्हणूनच त्याबद्दल शंका आहे.

प्रतिसाद १

पिन मी शेवटी पाहीन. तुमच्या लिहिण्यात एका वस्तूचा उल्लेखच नाही आणि माझ्या मते बोट बुडवू शकेल अशी तीच आहे. वायर तळातून आत येते तिथपासून विंचपर्यंत ती रबरी नळीतून जात असेल, तर त्या नळीचे खालचे टोक पाणपातळीच्या खाली असते. रबर कडक झाले असेल, वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील किंवा क्लिपचा स्क्रू गंजला असेल, तर पुढच्या फेरीची वाट पाहू नये. बोट पाण्याबाहेर असतानाच नळी बदलावी आणि दोन्ही टोकांना स्टेनलेसच्या दोन-दोन क्लिपा लावाव्यात.

वायरसाठी वर्षांचा हिशेब मी ठेवत नाही. ती कप्पीवर वळते तिथे आणि कीलला जोडलेली असते तिथे आधी तुटू लागते, आणि नेमक्या या जागा केबिनमधून दिसत नाहीत. म्हणून कीलला खालून आधार देऊन वायर सैल करावी व त्या दोन जागांवरून सुती फडके फिरवावे. फडक्याचा धागा अडकला, तर तिथे तार तुटलेली आहे, आणि एक तार जरी तुटली तरी वायर बदलायची. नवी घेताना ७ × १९ विणीची (प्रत्येकी १९ तारांचे सात पेड असलेली, लवचिक) घ्यावी. १ × १९ विणीची (१९ तारांचा एकच पेड असलेली) वायर डोलकाठीचे ताण म्हणून उत्तम असते, पण ताठ असल्यामुळे कप्पीवर ती लवकर थकते. कील पूर्ण खाली असतानाही विंचच्या ड्रमवर तीन-चार वेढे शिल्लक राहतील इतकी लांबी ठेवावी, नाहीतर सगळा भार टोक पकडणाऱ्या स्क्रूवर जातो.

ग्रीस लावताना जपावे. विंचचा ब्रेक घर्षणाच्या चकत्यांवर चालणारा असेल, तर दात्यांचे ग्रीस त्या चकत्यांपर्यंत पोचता कामा नये.

हिसका बसतो त्याचा अर्थ कील पेटीत अडकते आहे. गंजाने फुगलेले लोखंड, पेटीत वाढलेले शिंपले, बोट पाण्यात सोडायच्या उतारावरून अडकून आलेला खडा किंवा वर्षानुवर्षे चढवलेले रंगाचे थर, यांपैकी काहीही असू शकते. कारण सापडेपर्यंत एक पथ्य पाळावे: सोडताना वायर सैल पडली की हँडल तिथेच थांबवावे, वायर पुन्हा ताणात घ्यावी आणि मगच हळूहळू सोडावी. इतके वजन वीतभर जरी अचानक खाली आले, तरी तो दणका वायर, कप्पी आणि पिनेचे आधार या तिघांना बसतो.

प्रतिसाद २

नळीबद्दल पूर्ण सहमत. पिन शेवटी पाहण्याबद्दल नाही. टक-टक ऐकू येते म्हणजे कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलेला आहे. बोट भक्कम आधारावर उंच ठेवून कील थोडी खाली सोडावी आणि तिचे टोक आडवे हलवून पाहावे. पेटीत फिरायला फट लागतेच, त्यामुळे थोडी आडवी हालचाल असणार, आणि ती जास्त असेल तर पिनेच्या दोन्ही बाजूंना योग्य जाडीचे प्लास्टिकचे वॉशर बसवून कमी करता येते. पण पिनेपाशी कील पुढे-मागे किंवा वर-खाली सरकत असेल, तर पिन तरी झिजली आहे किंवा भोक तरी. कोणते आणि किती, हे जागेवर कळत नाही.

पिन स्टेनलेसची म्हटले की आपण निर्धास्त होतो, पण त्याचे रक्षण करणारा पातळ थर टिकायला प्राणवायू लागतो. घट्ट भोकात अडकून राहिलेल्या खाऱ्या पाण्यात तो मिळत नाही आणि पिनेला खड्डे पडतात. त्याच वेळी स्टेनलेसच्या शेजारी बीड खाल्ले जाते व भोक लांबट होत जाते. तसे झाले असेल तर नुसती नवी पिन घालून काहीच साधत नाही. भोक पुन्हा गोल करून त्यात बुश, म्हणजे धातूची अस्तरनळी, बसवावा लागतो. बुश कांस्याचा असेल तर तो इपॉक्सीत बसवावा, म्हणजे त्याचा बिडाशी थेट संबंध कमी येतो.

मात्र हे काम ट्रेलरवर करू नये. बोट पट्ट्यांनी उचलून स्टँडवर ठेवावी, कील लाकडी ठोकळ्यांवर व जॅकवर पूर्ण टेकवावी, आणि पिन सुटताना विंचच्या वायरवर भरवसा ठेवू नये. ही साधने हाताशी नसतील तर बोटयार्डात न्यावे; कीलखाली हात घालून अंदाज घेण्याची ही जागा नव्हे.

कील बाहेर आली की गंजाचे फोडही नीट हाताळता येतात. चमकता धातू दिसेपर्यंत घासावे, नवा गंज धरायच्या आत, म्हणजे त्याच दिवशी इपॉक्सीचा पहिला हात द्यावा, पुढचे हात चढवावेत आणि मगच अँटिफाउलिंग रंग (शिंपले-शेवाळ धरू न देणारा) लावावा. तांबेयुक्त रंग उघड्या बिडावर थेट लावला तर गंज उलट वाढतो. जाडीवरही लक्ष असू द्या. पहिल्या खेपेस मी लांबी (पुट्टी) भरून कील आरशासारखी गुळगुळीत केली आणि ती पेटीत शिरेनाच. दोन दिवस पुन्हा घासत बसलो.

धागाकर्ता

दोघांचे आभार. नळी वाकवून पाहिली. खालच्या क्लिपपाशी भेगा आहेत, त्यामुळे तिचा निर्णय झाला. टोक आडवे बरेच हलते, आणि पिनेपाशी कील पुढे-मागे सरकल्याचे हाताला स्पष्ट जाणवते. म्हणून पिन यार्डात काढून घेणार आहे. व्हर्नियरने मधल्या व टोकांच्या भागाची मापे घेऊन इथे लिहीन. दोन बाबी राहिल्या. रस्त्याने नेताना मी कील ट्रेलरच्या आडव्या आधारावर टेकवतो आणि वायर जेमतेम ताणात ठेवतो, हे बरोबर आहे का? आणि कील खाली पक्की करणारा बोल्ट शीड चालवताना कायम घट्ट ठेवावा का?

प्रतिसाद २

ट्रेलरवर तसेच ठेवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याचा हादरा विंच आणि पिन सोसतात. बोल्ट खोल पाण्यात घट्ट असावा, कारण बोट फार कलंडली तर मोकळी कील पेटीत परत झुलू शकते. उथळ पाण्यात शिरण्यापूर्वी मात्र तो सैल करावा. पक्की केलेली कील तळाला लागली तर मागे सरकू शकत नाही आणि सगळा धक्का पेटीच्या फायबरला बसतो. उचलण्याआधी तो सैल करायला विसरणे ही नेहमीची चूक आहे, म्हणून मी विंचच्या हँडलला एक लाल दोरी बांधून ठेवतो. तुमच्या बोटीत तो बोल्ट पेटीच्या भिंतीतून जात असेल तर नळी बदलताना त्याचे सीलही बदलून घ्या, कारण पाणी तिथूनही आत येते.