व्हो, ट्राउ, सिमर डिम : शेटलंडमधल्या रहस्यकथेसाठी मराठी शब्द

प्रश्न : स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर घडणाऱ्या एका गुन्हेकथेचा अनुवाद चालू आहे. व्हो, ग्यो, सिमर डिम, ट्राउ, सेल्की, पीट आणि प्रोक्युरेटर फिस्कल हे शब्द अडलेत. व्होला खाडी, ट्राउला मुंजा, सेल्कीला जलपरी केलं तर चालेल का? तळटिपा शक्यतो नकोत.

प्रतिसाद १ : खाडी नकोच. खाडी म्हटलं की आपल्याला नदीचं मुख, चिखल आणि खारफुटी दिसते. व्हो म्हणजे समुद्रात बुडालेली अरुंद, लांबलचक दरी. काठ खडकाळ, पाणी खोल. शिवाय भरती-ओहोटीतला फरक तिथे उधाणालाही जेमतेम दीड-दोन मीटर, मुंबईत तो चारच्या पुढे जातो. ‘ओहोटीला प्रेत चिखलात रुतलं’ असं वाचकाने मनात धरलं की पुढचा तपास त्याला खोटा वाटणार. ‘व्हो’ तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी ‘डोंगरांत शिरलेला समुद्राचा फाटा’ असं वाक्यातच गुंफा. ग्योला मात्र ‘घळ’ चपखल बसतो: कड्याला उभी चीर, तळाशी लाटा.

प्रतिसाद २ : सिमर डिमला काही अनुवादक ‘मध्यरात्रीचा सूर्य’ लिहितात, ते साफ चूक. शेटलंड ६० अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या बरंच दक्षिणेला आहे. जूनमध्येही सूर्य पाचेक तास मावळतो, फक्त काळोख पडत नाही. ‘रात्रभराचा संधिप्रकाश’ म्हणा. साक्षीदाराने मध्यरात्री चेहरा ओळखला, हे जूनमध्ये पटतं. डिसेंबरात दिवसच सहा तासांहून कमी असतो, तेव्हा नाही.

प्रतिसाद ३ : मुंजा पिंपळावर राहतो, शेटलंडला पिंपळ कुठला? ट्राउ म्हणजे तिकडच्या लोककथांतले भुताळी जीव; ते टेकाडाच्या पोटात राहतात आणि त्यांना फिडलचं, म्हणजे व्हायोलिनचं, वेड. वादकाला एका रात्रीसाठी आत नेतात, तो बाहेर येतो तेव्हा वर्ष उलटलेलं असतं. सूर्योदयाला बाहेर सापडला तर ट्राउला सूर्य मावळेपर्यंत परत जाता येत नाही. यातला एकही गुण मुंज्यात नाही. सेल्की जलपरी नव्हे, लोककथेतली ती सील (समुद्रातला सस्तन प्राणी) आहे. कातडं उतरवलं की माणूस. कातडं लपवलं तर तिला समुद्रात परतता येत नाही, आणि बहुतेक गोष्टी या लपवण्यावरच उभ्या असतात. माशाची शेपटी दिलीत की लपवायला काही उरतच नाही.

प्रश्नकर्ता : पटलं. आणखी एक: जुन्या वहीत एका कोळ्याने ‘आज अपस्टँडर भेटला, होडी काढली नाही’ असं लिहिलंय.

प्रतिसाद ३ : तो पाद्री. खोल समुद्रावरच्या मासेमारीला तिकडे ‘हाफ’ म्हणत आणि तिथे काही शब्द निषिद्ध असत. पाद्री म्हणजे ‘उभा राहणारा’, चर्च म्हणजे ‘प्रार्थनाघर’. रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात, तीच जातकुळी. हे शब्द बरेचसे नॉर्न या बेटांवरच्या जुन्या भाषेतले. १४६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटं स्कॉटलंडकडे गहाण टाकल्यानंतर ती भाषा हळूहळू मेली. वहीत ‘उभा’ असंच राहू द्या. तो कोण, हे तपास अधिकाऱ्याला उलगडू द्या, तळटिपेला नको.

प्रतिसाद ४ : पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, सुकवून जळण म्हणून वापरतात. त्याला ‘दलदल’ किंवा ‘कच्चा कोळसा’ करू नका. भूगोलाच्या पुस्तकातला ‘पीट’ बरा, फक्त मुद्रितशोधकाला सांगून ठेवा, नाहीतर त्याचं पीठ होईल. क्रियापदही जपा: पीट खणत नाहीत, कापतात. वसंतात वरची हिरवळ सोलून काढतात, मग टुश्कर नावाच्या लांब दांड्याच्या फावड्याने ओल्या विटा कापून कडेला पसरतात. जरा सुकल्या की चार-पाच एकमेकींना टेकवून उभ्या करतात आणि उन्हाळा सरता सरता घरी नेतात. ओली वीट थंडीने गोठली तर तिचा भुगा होतो, म्हणून कापणीची वेळ चुकवत नाहीत.

गुन्हेकथेला उपयोगी भाग पुढेच आहे. आम्लता आणि प्राणवायूचा अभाव यांमुळे पीटमध्ये लोकर टिकते, हाडं विरघळतात, आणि सुती-तागाचं कापडही जातं. १९५१ मध्ये गनिस्टर इथे पीट कापताना सतराव्या शतकाअखेरचा माणूस सापडला, त्याचे लोकरी कपडे आणि नाण्यांची विणलेली थैली शाबूत होती. शरीराचं फारसं काही उरलं नव्हतं. मूळ मजकुरात अंगावर ‘लोकरी’ स्वेटर असेल तर ते विशेषण गाळू नका, तोच पुरावा असेल.

प्रतिसाद १ : प्रोक्युरेटर फिस्कलला नुसतं ‘सरकारी वकील’ म्हणाल तर अर्धंच. स्कॉटलंडमध्ये कॉरोनर नाही. संशयास्पद मृत्यूची चौकशी फिस्कलच्या अखत्यारीत, पोलीस त्याला अहवाल देतात, आणि खटला भरायचा की नाही हेही तोच ठरवतो. पहिल्यांदा ‘तपासावर देखरेख ठेवणारे सरकारी वकील’, पुढे ‘फिस्कलसाहेब’ चालेल. पात्र बाई असेल तर ‘फिस्कलबाई’.

प्रश्नकर्ता : आणि ‘पंचनामा’?

प्रतिसाद १ : टाळा. तिथे पंच नसतात. वाचक दोन पंचांच्या सह्या शोधत बसेल. ‘घटनास्थळाची नोंद’ पुरे. ‘जाबजबाब’ बिनदिक्कत वापरा.