मिठाची पिवळी ज्योत : इलेक्ट्रॉन अणूबाहेर पडतो की नुसता वर चढतो?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

काल भाताचे मीठ घातलेले पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडले आणि निळी ज्योत क्षणभर गर्द पिवळी झाली. अकरावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने लगेच सांगितले, की सोडिअमची आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) प्रति मोल अवघी ४९६ किलोजूल असल्यामुळे त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन ज्योतीत सुटतो आणि त्यातूनच हा प्रकाश येतो. मला हे पटले नाही, कारण मिठातील सोडिअम आधीच एक इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो. मग सुटायला उरला कोणता? जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

उत्तर (वाशी)

आपण नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. ज्योतीत पाणी उडून जाते, मिठाची वाफ होते आणि तिचे रेणू फुटताना बरेचसे सोडिअम उदासीन अणूंच्या रूपात मोकळे होते, म्हणजे गमावलेला इलेक्ट्रॉन त्याला परत मिळालेला असतो. हा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचातील एस उपकवचात, म्हणजे त्या कवचाच्या सर्वांत खालच्या ऊर्जापातळीत राहतो. तापलेल्या वायूंच्या रेणूंची पुरेशी जोरदार धडक बसली, की तो त्याच कवचाच्या पी उपकवचात चढतो आणि लगेच खाली उतरताना ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश देतो. या चढणीला २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (एकेका अणूसाठी वापरायचे ऊर्जेचे छोटे एकक), म्हणजे प्रति मोल सुमारे २०३ किलोजूल पुरतात. अणू सोडून जायला मात्र ५.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि तेच ते ४९६ किलोजूल. मुलीचा आकडा अचूक आहे, फक्त तो तिने दुसऱ्याच घटनेला जोडला.

या दोहोंच्या मध्येही पातळ्या आहेत. चौथ्या कवचाचे पी उपकवच तळापासून ३.७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर असून तेथून थेट तळाशी येणारा प्रकाश ३३० नॅनोमीटरचा, अतिनील, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. त्यावरच्या पातळ्या एकमेकींच्या अधिकाधिक जवळ येत ५.१४ ला भिडतात आणि तेथेच अणूची हद्द संपते.

उत्तर (रबाळे, नवी मुंबई)

वरील विवेचनाला एक पुस्ती जोडतो. ज्योतीत इलेक्ट्रॉन मुळीच सुटत नाहीत, असे मात्र नाही. प्रयोगशाळेत ज्योतीच्या प्रकाशावरून पोटॅशिअम मोजताना ज्योत फार तापली, तर काही अणूंचे आयन होतात, म्हणजे त्यांचा इलेक्ट्रॉन सुटतो, कारण पोटॅशिअमची आयनीभवन ऊर्जा ४१९ किलोजूलच आहे; आणि तसे झाले की प्रकाश वाढत नाही, उलट घटतो व मापन कमी येते. त्यावर उपाय म्हणून नमुन्यात सीझिअमचा क्षार घालतात. त्याची आयनीभवन ऊर्जा ३७६ किलोजूल असल्याने तो आधी इलेक्ट्रॉन सोडतो, ज्योतीत इलेक्ट्रॉनांची रेलचेल होते आणि पोटॅशिअमचे आयन पुन्हा अणू बनतात. इलेक्ट्रॉन सुटल्याने प्रकाश मिळत असता, तर हा उपाय उलटाच पडला असता.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. मुलगी आता विचारते, की सोडिअमचा आयन स्वतः पिवळा का उजळत नाही?

उत्तर (वाशी)

कारण आयनात तिसऱ्या कवचातला तो एकुलता इलेक्ट्रॉनच नसतो. उरलेले दहा निऑनसारखे, भरलेल्या कवचांत, केंद्रकाने घट्ट धरलेले असतात. सोडिअमची दुसरी आयनीभवन ऊर्जा ४५६२ किलोजूल आहे, पहिलीच्या नऊपटीहून अधिक. यांतील एकाला वरच्या पातळीत नुसते चढवायलाही ३० हून अधिक इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि घरच्या शेगडीच्या ज्योतीतील कोणत्याही धडकेत तेवढा जोर नसतो.