बेंजामिन जोवेट: बेलियलचे मास्टर की ऑक्सफर्डचे कुलगुरू?

धरमपेठ_वाचक
नमस्कार. नागपुरात आमचा वाचनगट प्लेटोचं 'रिपब्लिक' जोवेट यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचतोय. त्यांच्या आयुष्यावर टिपण करायचंय. ते १८७० पासून ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे मास्टर होते, पण १८८२ ते १८८६ या काळात कुलगुरूही दिसतात. मग मास्टरपद सोडलं होतं का? स्वतः धर्मगुरू असून चर्चवाल्यांशी वाद कशावरून? शिवाय प्रत्येकाकडे वेगळी आवृत्ती, पानं जुळत नाहीत.

बर्डीचा_ग्रंथपाल
सोडलं नाही. १ ऑक्टोबर १८९३ ला वारले तेव्हाही ते मास्टरच होते. नागपूर विद्यापीठाचं चित्र डोळ्यांसमोर ठेवल्याने हा घोळ होतो. आपल्याकडे कुलगुरूपद पाच वर्षांचं, पूर्णवेळ. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये कॉलेजांच्या प्रमुखांपैकीच एकाला कुलपती नेमत आणि तो आपलं कॉलेज सांभाळून विद्यापीठ बघे. मास्टर म्हणजे कॉलेजचा प्रमुख, फेलोंनी, म्हणजे कॉलेजच्या अध्यापक-सदस्यांनी निवडलेला. १८५४ मध्ये या निवडीत जोवेट हरले होते, रॉबर्ट स्कॉट निवडून आले. ग्रीक कोशाच्या 'लिडेल आणि स्कॉट' या जोडीतले तेच. स्कॉट १८७० मध्ये रॉचेस्टरचे डीन, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलचे प्रमुख झाले तेव्हा कुठे जोवेटना ती जागा मिळाली.

जुनी_पोथी
वादाचा भाग टिपणात नीट येऊ द्या, मधल्या वर्षांचा उलगडा त्यातूनच होतो. १८५५ मध्ये ते ग्रीकचे रीजियस (राजघराण्याने नेमलेले) प्रोफेसर झाले, पगार वर्षाला फक्त ४० पौंड. १८६० च्या 'एसेज अँड रिव्ह्यूज' या लेखसंग्रहात त्यांनी मांडलं की बायबलचा अर्थ इतर कुठल्याही ग्रंथासारखाच लावावा. सनातनी मंडळी खवळली. १८६३ मध्ये ऑक्सफर्डमधले सनातनी धर्मपंडित प्युसी आणि इतरांनी विद्यापीठाच्या न्यायालयात तक्रार नेली, ती तडीस गेली नाही. म्हणून 'धर्मद्रोही ठरवले गेले' असं लिहू नका. शिक्षा झाली नाही, पण पगारवाढ अडवून धरली गेली. १८६५ मध्ये ५०० पौंड झाले, म्हणजे दहा वर्षं हा माणूस ४० पौंडांवर मन लावून ग्रीक शिकवत होता. मला ते फार मोठं वाटतं.
आपल्याकडचा धागाही घ्या. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची बीसीएल परीक्षा दिली, तेव्हा जोवेट त्यांच्या पाठीशी होते.

बर्डीचा_ग्रंथपाल
पानांचं राहिलंच. 'रिपब्लिक'सह प्लेटोच्या सगळ्या संवादांच्या जोवेटकृत अनुवादाची १८७१ ची पहिली आवृत्ती चार खंडांची. १८७५ आणि १८९२ च्या सुधारलेल्या, पाच-पाच खंडांच्या. त्यामुळे पानं जुळणारच नाहीत. समासात छापलेले स्टेफानस क्रमांक धरा. ते १५७८ च्या ग्रीक आवृत्तीची पानं दाखवतात आणि सगळीकडे सारखे असतात. 'रिपब्लिक' ३२७ ला सुरू होतं, गुहेचा दृष्टांत ५१४ ला. नेटवरच्या साध्या मजकुरात हे आकडे बहुधा गळालेले असतात, तिथे निदान भाग क्रमांक सांगा. गुहा सातव्या भागात आहे. आणखी एक: सुरुवातीला जोवेट यांची लांबलचक प्रस्तावना आणि सारांश आहे. तो प्लेटो समजून वाचू नका. सॉक्रेटिस काल पिरेअसला (अथेन्सच्या बंदराला) गेल्याचं सांगतो, मूळ ग्रंथ तिथून सुरू होतो.