नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागायचाय, छतावरचं पाणी 42 डिग्री... माशांच्या टाकीचं पाणी बदलू कसं?

कार्डिनलवाला (मनीष नगर)
भाऊ लोक, तीन फुटाची टाकी आहे, दीडशे लिटरच्या आसपास, त्यात कार्डिनल टेट्रा अन् कोरी हे छोटे मासे. छतावरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी मोजलं तर 42 डिग्री, अन् खोलीतला कूलर चालू असूनही फिश टँक 30 वर. दर रविवारी 50 लिटर बदलतो. आता दुकानवाला म्हणते बर्फ टाका, दुसरा म्हणते उन्हाळाभर पाणी बदलूच नका. कोणाचं ऐकू?

डिस्कसवेडा
दोघांचंही नको ना बा. हिशोब बघ, 100 लिटर 30 चं अन् 50 लिटर 42 चं, मिळून 34. दहा मिनिटांत चार डिग्रीची उडी, कार्डिनलचा जीव तो केवढा! बर्फाने हेच उलट्या दिशेने होते. आणि पाणी न बदलून कसं चालेल, गरम पाण्यात माशांच्या घाणीतला अमोनिया जास्त भोवते अन् ऑक्सिजनही कमी मावते, 25 डिग्रीला लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्राम तर 30 ला 7.6 च. म्हणून रविवारचे 50 सोड, एक दिवसाआड 15 लिटर कर. आदल्या रात्री बादली भरून त्याच खोलीत ठेवायची, क्लोरीन मारायला हायपो टाकायचं, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडायचा, सकाळी थर्मामीटर लावून एक डिग्रीच्या आत फरक असला तरच बारीक पाइपने हळूहळू सोडायचं. हाताने अंदाज घेऊ नको, उन्हातून आलेल्या हाताला 33 चं पाणीही गार लागते.

महालचा गप्पी
मी तर रांजण वापरतो. पाणपोईवर असते तसा, सावलीत, ओलं गोणपाट गुंडाळून. कोरड्या हवेत पाणी इतकं गार होते की कधी कधी टाकीपेक्षा चार-पाच डिग्री खाली जाते, मग त्यात साधं पाणी मिसळून जुळवावं लागते. नवा रांजण असेल तर आधी दोन-तीनदा भरून ओतून टाका, मातीचा गढूळपणा निघून जाते.

कार्डिनलवाला
रांजण भारी आहे राव. पण मग कूलरच्या टबातलं पाणी काहून नाही घ्यायचं? ते आयतंच 25 आहे.

डिस्कसवेडा
अरे नाही बे!! टबातलं पाणी दिवसभर उडून उडून क्षार मागे राहतात, वरून गवताच्या ताट्यांचा रंग, शेवाळ, धूळ. गारव्यासाठी विष कशाला घालतो.

सदर_अ‍ॅक्वा
एक गोष्ट सगळे विसरून राहिले. टाकीवर छोटा फॅन लावला की पाण्याची वाफ होऊन दोन-तीन डिग्री उतरते, पण खोली बंद करून कूलर चालू ठेवला तर हवाच दमट होते, मग फॅन नुसता फिरते. खिडकी थोडी उघडी ठेव. अन् जेवढं पाणी उडेल तेवढं आरओच्या पाण्याने भर, नळाच्या नाही, नाहीतर टाकीचा हार्डनेस, म्हणजे पाण्यातले क्षार, वाढत जाते. पावसाळा लागला की फॅनचा तसाही उपयोग नाही, पण तोवर छतावरचं पाणीही निवलेलं असते.

कार्डिनलवाला
फॅन आहे जुन्या सीपीयूचा, आज लावतो. गोणपाट कोणाकडे आहे का, इकडे दुकानात सगळं प्लास्टिकचंच भेटून राहिलं.